अवयव वाचवणारे औषध आणि त्वचेचा कर्करोग : कॅल्सिन्युरिन या प्रथिनाची भूमिका

नवी दिल्ली : मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला एक नियम आयुष्यभर पाळावा लागतो. शरीराने नव्या अवयवाला परका ठरवून नाकारू नये, यासाठी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे त्याला रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. गेल्या चार दशकांत या औषधांनी जगभरातील असंख्य रुग्णांना जीवदान दिले. मात्र त्यांच्या दीर्घकालीन वापराचा एक गंभीर परिणाम त्वचेवर दिसून येतो. गौरवर्णीय लोकसंख्येच्या देशांत अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमध्ये त्वचेच्या स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत ६५ पट, काही पाहण्यांत तर १०० पटींहूनही अधिक आढळले आहे.

प्रतिकारशक्ती दुबळी झाली म्हणून कर्करोग वाढला, असे या निरीक्षणाचे सरळ स्पष्टीकरण बराच काळ दिले जात होते. ते चुकीचे नव्हते. परंतु अपुरे होते. या औषधांपैकी सर्वाधिक वापरली जाणारी दोन औषधे ज्या प्रथिनाला निष्क्रिय करतात, ते प्रथिन केवळ प्रतिकारशक्तीच्या पेशींत नसते. ते त्वचेच्या पेशींतही असते आणि तेथे कर्करोगाला आवर घालण्याच्या कामात त्याचा वाटा असतो, असे संशोधनातून पुढे आले आहे. या प्रथिनाचे नाव कॅल्सिन्युरिन. ते प्रोटीन फॉस्फेटेस या गटात मोडते.

फॉस्फेट जोडणारे आणि काढणारे

पेशीतील बहुतेक प्रथिने सदासर्वकाळ कार्यरत नसतात. त्यांना सुरू किंवा बंद करण्यासाठी निसर्गाने एक सोपी युक्ती वापरली आहे. प्रथिनाच्या विशिष्ट जागी फॉस्फेटचा एक छोटा रासायनिक गट जोडला की त्या प्रथिनाचा आकार व वर्तन बदलते. तो गट काढून टाकला की ते पूर्ववत होते. फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांना कायनेस म्हणतात, तर तो काढणाऱ्या विकरांना फॉस्फेटेस.

अमेरिकेतील सिॲटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास स्नायूंतील ग्लायकोजेनच्या विघटनाचा अभ्यास करताना ही यंत्रणा उलगडली. त्यासाठी १९९२ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पेशींची वाढ, विभाजन, दुरुस्ती आणि मृत्यू या सर्व प्रक्रियांचे नियंत्रण याच जोडण्या-काढण्यावर चालते, हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले.

मानवी शरीरात कायनेस विकरांची संख्या पाचशेच्या पुढे आहे. कर्करोगाच्या संशोधनात प्रदीर्घ काळ त्यांच्याकडेच लक्ष केंद्रित झाले, कारण पेशीला ‘वाढत राहा’ असा संदेश देणाऱ्या अनेक साखळ्या कायनेसच्या आहेत. फॉस्फेटेस मात्र ‘काम संपल्यावर दिवा मालवणारे’ साधे सेवक मानले गेले. ही समजूत आता मागे पडली आहे. एखादा संदेश किती काळ चालू राहावा, कोणत्या वेळी थांबावा आणि कधी उलट दिशेने जावा, हे ठरवण्यात फॉस्फेटेसचा वाटा कायनेसइतकाच महत्त्वाचा आहे. आणि फॉस्फेट काढून टाकणे म्हणजे दर वेळी काहीतरी बंद करणे नव्हे. काही प्रथिने फॉस्फेट निघाल्यावरच कामाला लागतात. कॅल्सिन्युरिनचे मुख्य काम याच दुसऱ्या प्रकारचे आहे.

कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणारे विकर

कॅल्सिन्युरिन या नावातच त्याचा परिचय आहे. कॅल्शियमशी बांधले जाणारे आणि चेतासंस्थेत विपुल आढळणारे प्रथिन म्हणून अमेरिकेतील संशोधिका क्लॉड क्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये त्याला हे नाव दिले. पुढे ते शरीराच्या बहुतेक ऊतींत असल्याचे आढळले.

पेशीला बाहेरून काही विशिष्ट संकेत मिळाला की पेशीच्या आतील कॅल्शियमचे प्रमाण वाढते. हे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला जाऊन मिळते आणि ही जोडी कॅल्सिन्युरिनला जागे करते. जागे झालेले कॅल्सिन्युरिन एनफॅट नावाच्या प्रथिनावरील फॉस्फेट काढून टाकते. फॉस्फेटने जखडलेले एनफॅट एरवी पेशीद्रवातच अडकून पडलेले असते. बंधन सुटताच ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि तेथील ठरावीक जनुके सुरू किंवा बंद करते.

प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींमध्ये या साखळीचा परिणाम मोठा असतो. परकी वस्तू ओळखताच टी-पेशीत एनफॅट केंद्रकात जाते, इंटरल्युकिन-२ नावाच्या संदेशवाहक प्रथिनाची निर्मिती सुरू होते आणि टी-पेशींची संख्या झपाट्याने वाढते. प्रत्यारोपित अवयवावर चालून जाणारी फौज अशीच तयार होते. त्यामुळे कॅल्सिन्युरिन रोखले की ही फौज उभी राहत नाही.

मातीतून मिळालेली औषधे

गमतीचा भाग असा, की कॅल्सिन्युरिनला रोखणारी औषधे आधी सापडली आणि ती नेमकी कशावर काम करतात हे नंतर उमगले. नॉर्वेतील हार्डांगरव्हिड्डा पठारावरील मातीच्या नमुन्यातील बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतील संशोधनात १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचा प्रतिकारशक्ती दाबण्याचा गुण लक्षात आला. ब्रिटिश शल्यविशारद रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये केंब्रिज येथे मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांवर ते वापरले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दुसरे औषध टॅक्रोलिमस. जपानमधील त्सुकुबा परिसरातील मातीत सापडलेल्या जीवाणूपासून १९८४ मध्ये ते वेगळे करण्यात आले. पिट्सबर्ग येथे थॉमस स्टार्झल यांनी १९८९ मध्ये रुग्णांवर त्याचा प्रथम वापर केला.

रासायनिकदृष्ट्या ही दोन्ही औषधे एकमेकांहून भिन्न आहेत. पेशीत शिरल्यावर सायक्लोस्पोरिन सायक्लोफिलिन या प्रथिनाला चिकटते, तर टॅक्रोलिमस एफकेबीपी-१२ या वेगळ्याच प्रथिनाला. तरीही दोघांचा परिणाम जवळपास सारखा का, हे कोडे होते. हार्वर्ड विद्यापीठातील स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९१ मध्ये ते सोडवले. दोन्ही जोड्या अखेर एकाच लक्ष्यावर जाऊन बसतात आणि ते लक्ष्य म्हणजे कॅल्सिन्युरिन, असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून या औषधांना ‘कॅल्सिन्युरिन प्रतिबंधक’ असे म्हटले जाते.

आकडे काय सांगतात

त्वचेच्या कर्करोगाचे तीन प्रमुख प्रकार आहेत. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींपासून होणारा बेसल पेशींचा कर्करोग, वरच्या थरांतील केराटिन निर्माण करणाऱ्या पेशींपासून होणारा स्क्वेमस पेशींचा कर्करोग आणि रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींपासून होणारा मेलानोमा. गौरवर्णीय लोकांत एरवी बेसल पेशींचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत मात्र हे चित्र उलटते. त्यांच्यात बेसल पेशींच्या कर्करोगाचा धोका साधारण १० पटींनी वाढतो, पण स्क्वेमस पेशींचा कर्करोग त्याला कितीतरी मागे टाकतो.

प्रखर ऊन आणि गौरवर्णीय वस्ती यांचा संयोग असलेल्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात १९९० च्या दशकात झालेल्या पाहणीत, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर २० वर्षांनी सुमारे ७० टक्के रुग्णांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले होते. अशा रुग्णांमध्ये एकाच वेळी अनेक गाठी येणे, त्या पुन्हा उद्भवणे आणि लसिकाग्रंथींपर्यंत पसरणे, हेही तुलनेने अधिक दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सायक्लोस्पोरिनचा समावेश मानवात कर्करोगकारक ठरलेल्या पहिल्या गटात केला आहे. प्रत्यारोपणात पूर्वी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे ॲझाथायोप्रिन हे औषधही याच गटात आहे. मात्र त्याची कार्यपद्धती वेगळी आहे. ते त्वचेला सूर्यप्रकाशातील ‘अतिनील अ’ किरणांबाबत अधिक संवेदनशील बनवते.

पहिला मार्ग : सैल झालेला पहारा

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्वचेच्या पेशींतील डीएनएमध्ये रोज बिघाड होत असतात. बहुतेक बिघाड पेशी स्वतःच दुरुस्त करते. ज्या पेशी दुरुस्तीपलीकडे जातात, त्यांतील काहींचा नायनाट प्रतिकारशक्ती करते. टी-पेशींची ही गस्त औषधांमुळे थंडावली, की एरवी नष्ट झाल्या असत्या अशा पेशी टिकून राहतात. त्वचेवरील काही विषाणूंनाही मोकळीक मिळते; या रुग्णांच्या अंगावर चामखीळ मोठ्या प्रमाणावर येण्याचे कारण हेच आहे.

हा मार्ग सर्वमान्य आहे. परंतु तेवढ्याने सगळ्या निरीक्षणांचा उलगडा होत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी सर्वच औषधे त्वचेच्या कर्करोगाचा धोका सारख्याच प्रमाणात वाढवत नाहीत. धोका केवळ गस्त सैल होण्यामुळे वाढत असता, तर हा फरक पडायला नको होता.

दुसरा मार्ग : पेशीच्या आतला बिघाड

न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या शंकेला आधार दिला. प्रतिकारशक्ती जन्मतःच नसलेल्या उंदरांना त्यांनी सायक्लोस्पोरिन दिले. या उंदरांत दाबण्यासारखी प्रतिकारशक्तीच नव्हती. तरीही त्यांच्या शरीरात सोडलेल्या कर्करोगाच्या पेशी औषधामुळे अधिक पसरल्या. हे प्रयोग त्वचेच्या कर्करोगावरचे नव्हते. तरी औषध थेट कर्करोगाच्या पेशीवरही परिणाम करू शकते, हे त्यांतून दिसले.

त्वचेच्या पेशींबाबतचा पुरावा २००५ मध्ये मिळाला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींवर ‘अतिनील ब’ किरणांचा मारा केल्यानंतर, कॅल्सिन्युरिन प्रतिबंधकांच्या उपस्थितीत डीएनएतील बिघाडांची दुरुस्ती मंदावल्याचे आढळले. इतकेच नव्हे, तर फार नुकसान झालेल्या पेशींनी स्वतःचा अंत करून घेण्याची जी नैसर्गिक व्यवस्था असते, तीही क्षीण झाली. म्हणजे बिघडलेली पेशी दुरुस्तही होत नव्हती आणि मरतही नव्हती.

या साखळीतील महत्त्वाचा दुवा २०१० मध्ये पुढे आला. स्वित्झर्लंडमधील लोझान आणि अमेरिकेतील बोस्टन येथे कार्यरत असलेल्या जी. पाओलो डोट्टो यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एटीएफ-३ या प्रथिनाची भूमिका मांडली. त्यांच्या निष्कर्षांचा क्रम असा आहे.

त्वचेच्या निरोगी पेशीत कॅल्सिन्युरिन व एनफॅट ही जोडी एटीएफ-३ ला दाबून ठेवते. सायक्लोस्पोरिनमुळे कॅल्सिन्युरिन निष्क्रिय झाले, की एटीएफ-३ चे प्रमाण वाढते. वाढलेले एटीएफ-३ हे पी-५३ या प्रसिद्ध कर्करोगरोधक प्रथिनाच्या कामात अडथळा आणते. कर्करोगाच्या वाटेवर निघालेल्या पेशीला पी-५३ एरवी कायमचे निवृत्त करते. अशी पेशी जिवंत राहते, पण पुन्हा विभागत नाही. या अवस्थेला पेशीय वार्धक्य म्हणतात. पी-५३ चा हात बांधला गेला, की ही सक्तीची निवृत्ती टळते आणि पेशी विभागत राहते.

उंदरांवरील प्रयोगांत या बदलामुळे गाठी वाढल्याचे दिसले. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या त्वचेतील कर्करोगाच्या गाठींतही एटीएफ-३ चे प्रमाण वाढलेले आढळले. त्यामुळे प्रयोगशाळेतील निष्कर्षाला रुग्णांच्या ऊतींतूनही दुजोरा मिळाला.

यावरून कॅल्सिन्युरिन सर्वत्र कर्करोगविरोधी आहे, असा अर्थ काढता येत नाही. रक्ताच्या आणि स्तनाच्या काही कर्करोगांत हीच कॅल्सिन्युरिन-एनफॅट साखळी पेशींच्या वाढीला किंवा फैलावाला मदत करते, असे प्रयोगांत दिसले आहे. एकाच विकराचे काम पेशीच्या प्रकारानुसार बदलते. त्यामुळे ‘चांगले प्रथिन’ आणि ‘वाईट प्रथिन’ अशी विभागणी येथे उपयोगी पडत नाही.

फॉस्फेटेस कुटुंबातील इतर सदस्य

त्वचेच्या कर्करोगाशी संबंध असलेले कॅल्सिन्युरिन हे एकमेव फॉस्फेटेस नाही. जपानमधील संशोधकांनी १९८८ मध्ये समुद्री स्पंजांपासून मिळालेल्या ओकाडाइक आम्लाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांच्या त्वचेवर आधी कर्करोगजनक रसायन लावून नंतर हे आम्ल वारंवार लावले असता गाठी वाढल्या. ओकाडाइक आम्ल हे पीपी-१ आणि पीपी-२ए या दोन फॉस्फेटेसना रोखते. फॉस्फेटेसचे काम थांबले की त्वचेतील गाठी वाढू शकतात, याचा हा आरंभीचा ठळक पुरावा होता.

मेलानोमाच्या रुग्णांच्या गाठींतील जनुकांचा क्रम उलगडल्यावर २०१२ मध्ये आणखी एक नाव पुढे आले. पीपी-६ या फॉस्फेटेसच्या जनुकात सुमारे ९ टक्के मेलानोमांमध्ये उत्परिवर्तने असल्याचे आढळले. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी नीट व्हावी, यासाठी ऑरोरा-ए या कायनेसवर पीपी-६ चा अंकुश असतो. तो सुटला की गुणसूत्रांची वाटणी बिघडते. पीटेन हे आणखी एक फॉस्फेटेस १९९७ मध्ये शोधले गेले. ते प्रामुख्याने प्रथिनांवरील नव्हे, तर पेशीपटलातील मेदावरील फॉस्फेट काढते. उंदरांत बीरॅफ जनुकाचे उत्परिवर्तन आणि पीटेनचा अभाव एकत्र आले, की मेलानोमा होतो, असे २००९ मध्ये दाखवण्यात आले.

औषध बदलणे हा उपाय आहे का?

कॅल्सिन्युरिनला हात न लावता प्रतिकारशक्ती दाबणारे औषध वापरता आले तर, हा प्रश्न ओघानेच आला. असे एक औषध उपलब्ध आहे. त्याचे नाव सिरोलिमस आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. ईस्टर बेटावरून १९६० च्या दशकात आणलेल्या मातीतील जीवाणूपासून कॅनडातील मॉन्ट्रियल येथे सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाने हे द्रव्य वेगळे केले. सेहगल यांचे औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात झाले होते.

सिरोलिमस पेशीत शिरल्यावर टॅक्रोलिमसप्रमाणेच एफकेबीपी-१२ ला चिकटते. मात्र ही जोडी कॅल्सिन्युरिनकडे न जाता एमटॉर या कायनेसला रोखते. एमटॉर हे पेशींच्या वाढीला चालना देणारे विकर असल्यामुळे प्रतिकारशक्ती तर दबतेच, शिवाय गाठींच्या वाढीलाही काही प्रमाणात आळा बसतो.

या कल्पनेची कसोटी पाहणारी युरोपातील एक चाचणी २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर त्वचेचा स्क्वेमस पेशींचा कर्करोग किमान एकदा झालेले १२० रुग्ण तीत सहभागी होते. ६४ जणांना सिरोलिमस देण्यात आले; ५६ जण कॅल्सिन्युरिन प्रतिबंधकांवरच राहिले. नवा स्क्वेमस पेशींचा कर्करोग पहिल्या गटात २२ टक्के, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के रुग्णांना झाला.

असे असूनही सर्वच रुग्णांचे औषध बदलले गेले नाही, याला सबळ कारण आहे. याच चाचणीत सिरोलिमस घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणाम बरेच अधिक होते आणि सुमारे २३ टक्के रुग्णांना त्यामुळे ते थांबवावे लागले. जखमा उशिरा भरणे, तोंडात व्रण येणे, लघवीतून प्रथिने जाणे, फुफ्फुसांचा दाह या तक्रारी या औषधाच्या बाबतीत परिचित आहेत. अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सिरोलिमसमुळे मेलानोमाखेरीज त्वचेच्या इतर कर्करोगांचा धोका ५६ टक्क्यांनी कमी झाला. मात्र कोणत्याही कारणाने मृत्यू होण्याचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक आढळला.

त्यामुळे निर्णय रुग्णागणिक घ्यावा लागतो. त्वचेचा कर्करोग वारंवार होत असलेल्या निवडक रुग्णांमध्ये औषध बदलण्याचा किंवा कॅल्सिन्युरिन प्रतिबंधकाची मात्रा घटवण्याचा विचार केला जातो. हा निर्णय प्रत्यारोपण तज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ आणि गरजेनुसार कर्करोगतज्ज्ञ एकत्रितपणे घेतात.

कर्करोग पसरल्यानंतर हा पेच अधिक तीव्र होतो. स्क्वेमस पेशींच्या प्रगत कर्करोगावर प्रतिकारशक्तीला चालना देणारी नवी औषधे परिणामकारक ठरली आहेत. त्यांपैकी सेमिप्लिमॅबला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला अशा प्रकारची औषधे दिली, तर मोकळी झालेली प्रतिकारशक्ती कर्करोगाबरोबरच दात्याच्या अवयवावरही हल्ला करू शकते. उपलब्ध नोंदींनुसार अशा सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये अवयव नाकारला गेला आहे.

मलम वापरणाऱ्यांनी घाबरावे का?

टॅक्रोलिमस आणि त्याच गटातील पिमेक्रोलिमस ही औषधे मलमाच्या रूपातही मिळतात. इसब आणि कोड या विकारांवर, विशेषतः चेहरा व पापण्यांसारख्या नाजूक जागी, त्वचारोगतज्ज्ञ ती लिहून देतात. कर्करोगाच्या संभाव्य धोक्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये या मलमांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापण्यास सांगितले. त्यानंतर अनेक पालकांनी मुलांसाठी ही मलमे वापरणे सोडले.

पोटात घेतलेली गोळी आणि मर्यादित जागी लावलेले मलम यांत मात्र मोठा फरक आहे. मलमातून रक्तात जाणारे औषध सहसा अत्यल्प असते. इशाऱ्यानंतर मुलांच्या दीर्घकालीन पाहण्यांत कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढल्याचे दिसले नाही. तरीही ही मलमे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, सांगितलेल्या जागी व सांगितलेल्या मुदतीपर्यंत वापरावीत आणि त्या भागाचे उन्हापासून रक्षण करावे, असे सांगितले जाते.

भारतातील चित्र

भारतात यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपणाची सुरुवात १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाली. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला. आज देशात दरवर्षी होणाऱ्या प्रत्यारोपणांची संख्या मोठी आहे. २०२३ मध्ये ती १८ हजारांच्या पुढे गेली आणि त्यांत १३ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे मूत्रपिंडाची होती. यातील बहुसंख्य रुग्ण आयुष्यभर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेतात.

भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांचा बराच भाग शोषून घेते. त्यामुळे येथील प्रत्यारोपण रुग्णांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत पुष्कळ कमी आहे. त्यांच्या त्वचेच्या तक्रारींत बुरशीचे व विषाणूंचे संसर्ग अग्रभागी असतात. मात्र कमी धोका म्हणजे धोकाच नाही, असे नव्हे. सावळ्या त्वचेच्या रुग्णांत हा कर्करोग ऊन न लागणाऱ्या भागांतही, विशेषतः जननेंद्रियांजवळ, उद्भवू शकतो आणि त्यामागे अनेकदा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असतो. अशा जागांची तपासणी संकोचामुळे टाळली जाते. शिवाय, ‘आपल्याकडे हा आजार होत नाही’ या समजुतीमुळे निदानाला उशीर होतो. धवलता म्हणजे जन्मतः रंगद्रव्य नसणे, हा विकार असलेल्यांना मेलॅनिनचे संरक्षण मिळत नाही. त्यांनी अधिक सावध राहणे आवश्यक ठरते.

स्क्वेमस पेशींचा कर्करोग केवळ उन्हाने होतो असे नाही, हे भारतीय वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात धोतर कमरेला घट्ट आवळून बांधल्याने, वर्षानुवर्षांच्या घर्षणातून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले होते. काश्मीरमध्ये निखाऱ्यांची कांगडी अंगाशी धरल्याने पोट व मांड्यांवर होणारा कर्करोगही याच जातीचा. भाजल्याच्या जुन्या व्रणांत आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमांतही तो उद्भवतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या अंगावर असा जुना व्रण असल्यास त्याकडे दुर्लक्ष करता कामा नये.

रुग्णांनी काय करावे

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे कर्करोगाच्या भीतीने औषध स्वतःहून बंद करू नये किंवा मात्रा कमी करू नये. असे केल्यास प्रत्यारोपित अवयव काही दिवसांत किंवा आठवड्यांत गमावण्याची वेळ येऊ शकते. त्वचेचा कर्करोग लवकर लक्षात आला, तर बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो. गमावलेला अवयव मात्र सहजासहजी परत मिळत नाही.

उन्हापासून संरक्षणाचा उपयोग चाचण्यांत सिद्ध झाला आहे. जर्मनीतील एका अभ्यासात १२० प्रत्यारोपण रुग्णांपैकी निम्म्यांना अधिक क्षमतेचे सनस्क्रीन मोफत देऊन ते नियमित वापरण्यास सांगितले. दोन वर्षांत त्यांच्यापैकी एकालाही त्वचेत खोलवर शिरणारा स्क्वेमस पेशींचा कर्करोग झाला नाही. उरलेल्या गटात अशा ८ गाठी आढळल्या. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी किंवा छत्री आणि दुपारच्या उन्हात फिरणे टाळणे, हे उपाय बिनखर्चाचे आणि तितकेच उपयुक्त आहेत. ऊन टाळणाऱ्यांनी ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

निकोटिनामाइड या ‘ब-३’ जीवनसत्त्वाच्या प्रकाराविषयी बरीच आशा व्यक्त झाली होती. सर्वसाधारण रुग्णांवरील २०१५ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत त्याने त्वचेचे नवे कर्करोग २३ टक्क्यांनी घटवले. परंतु प्रत्यारोपणाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा लाभ दिसला नाही. त्यामुळे त्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेण्यात अर्थ नाही.

महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात संपूर्ण अंगाची त्वचा पाहावी. पाठीसाठी आरसा किंवा घरातील व्यक्तीची मदत घ्यावी. ओठ, कानाच्या पाळ्या, हातांची मागची बाजू, तळपाय आणि नखांखालचा भाग विसरू नये. चार आठवड्यांत न भरणारी जखम, खपली धरून पुन्हा रक्त येणारा व्रण, झपाट्याने वाढणारी किंवा दुखणारी गाठ, चामखिळीसारखी दिसणारी पण उपचारांना दाद न देणारी वाढ यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ दाखवावे. वर्षातून किमान एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी करून घेणे हितावह आहे. ज्यांना एकदा हा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी ती अधिक वेळा करावी.

संशोधनाची दिशा

टी-पेशींतील कॅल्सिन्युरिन रोखायचे, पण त्वचेतील त्याच विकराला धक्का लावायचा नाही, हे सध्याच्या औषधांना साधलेले नाही. दात्याच्या अवयवाला शरीराने औषधांविना स्वीकारावे, यासाठी प्रतिकारशक्तीला ‘शिकवण्याचे’ प्रयत्न काही केंद्रांत सुरू आहेत. टी-पेशींना मिळणारा दुसरा संकेत रोखणारे बेलाटासेप्ट हे औषध कॅल्सिन्युरिनला स्पर्श करत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी अमेरिकेत ते २०११ पासून उपलब्ध आहे. मात्र ते शिरेतून द्यावे लागते आणि सुरुवातीच्या काळात अवयव नाकारला जाण्याचे प्रमाण त्यात अधिक असते.

या सर्व पर्यायांची तुलना करताना आता केवळ अवयव किती वर्षे टिकला, एवढाच निकष पुरेसा मानला जात नाही. प्रत्यारोपणानंतर २० ते ३० वर्षे जगणाऱ्या रुग्णांची संख्या वाढत आहे आणि अतिनील किरणांचे त्वचेवरील परिणामही तेवढ्याच वर्षांत साचत जातात. प्रत्यारोपणानंतरच्या नियमित भेटींत रक्तातील औषधाची पातळी आणि क्रिएटिनिन यांबरोबर त्वचेची तपासणीही व्हावी, यावर तज्ज्ञांचा भर आहे.